कोणत्या ब्रँचवरून निघाली?

४ सप्टेंबर २०१८, मंगळवार

बाबांनी आज जेवताना फोन ताटाशेजारी आपटला. "तुह्या पुन्याच्या बाईले मराठी समजते का नाही, ते सांग मले आधी!"

पुण्याची बाई म्हणजे आमच्या प्रोग्रॅमचा आवाज. रोज संध्याकाळी सहाला त्रेचाळीस गावांतल्या अकराशे चाळीस कापूसवाल्यांना ती फोन करते. 'आज आपल्या कामगंध सापळ्यात किती पतंग आढळले, कृपया ती संख्या दाबा.' गुलाबी बोंडअळीचे पतंग. सलग तीन दिवस आठ किंवा जास्त निघाले तर ती सांगते, फवारणी करा. नाहीतर सांगते, थांबा. एवढंच. आणि या एवढ्याशा कामासाठी डोणगावात गफ्फारचाचांच्या गादीच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघं दिवसभर कीबोर्ड बडवतो — उत्तमराव सर, फहीम आणि मी.

झालं असं. परवा रविवार होता म्हणून मी बाबांबरोबर वावरात गेले होते. सापळ्यातले पतंग मीच मोजले. नऊ. बाबांनी नऊ दाबले. काल त्यांनी शून्य दाबलं. आज शून्य दाबलं. आणि आज बाई म्हणते, फवारणी करा!

"शून्य, शून्य, अन् फवारा? हे कोनतं गनित?"

मी म्हटलं, चुकलं असेल काहीतरी, बघते.

"पाह्य. आपल्या कापूस गटातले अडतीस जन माह्या तोंडाकडं पाहून पंप ठेवून बसले. पोळ्यापर्यंत वाट पाह्यतो. नाही तं सापळे उपटतो अन् पयल्यासारखं दर पंधरा दिवसाले मारतो."

खरं सांगू का, मला रडू आलं. गेल्या साली बोंड फोडावं तर आत अळी, दुसरं फोडावं तर आत अळी. सगळं गाव दुकानदार देईल ते औषध आणून मारत सुटलं होतं. यंदा बाबांनी फक्त माझ्या शब्दावर सापळे लावले. शेजारच्या जानरावकाकांनी पारावर टोमणाही मारला, "पुंजाजीचा कापूस आता फोनवर पिकते म्हन!" बाबांनी तो गिळला. माझ्यासाठी गिळला.

पोळा रविवारी. पाच दिवस आहेत.

५ सप्टेंबर, बुधवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

बाबांचं शंभर टक्के बरोबर. आमचा प्रोग्रॅम शून्याला उत्तरच समजत नाही. शून्य दाबलं की त्याला वाटतं, या माणसानं काही सांगितलंच नाही. मग तो कालचाच आकडा आज धरतो. म्हणजे रविवारचे नऊ, सोमवारी पुन्हा नऊ, मंगळवारी पुन्हा नऊ. झाले तीन दिवस, मार फवारा! खरोखरच बहिरी बाई.

फहीमला दाखवलं. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हंजे ज्याचा सापळा रिकामा, त्यालेच आपन फवारा सांगून राह्यलो?" हाव, म्हटलं.

६ सप्टेंबर, गुरुवार

तीन ओळींची दुरुस्ती. तीन! चहा उतू जायच्या आत लिहून झाली.

सर म्हणाले, पोळ्यानंतर सोडू, घाई नको. मी म्हटलं, सर, पोळ्याच्या आधीच पाहिजे, माझ्या घरचा प्रश्न आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. तूच सोड. एकटीनं."

पहिल्यांदाच! आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी एकटी दुरुस्ती गावांत सोडणार. घरी येताना ऑटोत उगाचच हसत होते. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "पाहुने पाह्याले येऊन राह्यले का वं?"

७ सप्टेंबर, शुक्रवार

आईचं एकच चालू आहे, "माहा आवाज कवा लागते?" नव्या प्रोग्रॅममध्ये पुण्याच्या बाईऐवजी आईचा आवाज घालायचा आहे. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात बसून मी चाचणी म्हणून तिचं बोलणं टेप केलं होतं. तिला सांगितलं, दिवाळीनंतर. नवं काम अजून अर्धकच्चं आहे, ती टेपही नुसती तपासायलाच जोडलीय. "दिवायीपर्यंत माहा घसा बसला तं?" म्हणाली.

८ सप्टेंबर, शनिवार

सोडली. बत्तीस गावांत, साडेआठशे फोन. उद्या सहा वाजता पोळ्याच्या मुहूर्तावर पहिला फोन जाईल. माझ्या कॉम्प्युटरवर दहा वेळा शून्य दाबून पाहिलं. दहाही वेळा शून्यच धरलं. बाबांना सांगून टाकलं, उद्यापासून तुमची बाई शहाणी.

९ सप्टेंबर, रविवार, पोळा

बैलांची शिंगं रंगवून झाली. एक निळं-पिवळं, एक लाल. आज लिहायला वेळ नाही. सहा वाजण्याची वाट बघतेय!

१० सप्टेंबर, सोमवार

कुठून सुरुवात करू. हसू की लपू.

तोरणाखाली सगळ्या गावाच्या बैलजोड्या उभ्या. झुली, घुंगरं, गोंडे. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झालेल्या. मानकरी तोरण तोडतो, मग पोळा फुटतो, तोवर जोडी जागची हलवायची नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. आम्ही बायका शाळेच्या ओट्यावर. मानकरी तोरणाला हात घालायला निघाला आणि सहा वाजले.

एकदम एकोणचाळीस फोन वाजले. सगळ्या गटाचे. कोणी खिशातून काढला, कोणी धोतराच्या सोग्यातून. हात कासऱ्यात गुंतलेले, म्हणून बहुतेकांनी स्पीकर लावला. आणि सगळ्या मैदानातून पुण्याच्या बाईऐवजी माझ्या आईचा आवाज आला —

"बोलू का? चालू झालं का वं? ... हं. रामराम भाऊ. आज तुमच्या सापळ्यात किती ... अवं काजल, ते बकरी पाह्य! ज्वारीत तोंड घातलं तिनं! हाट्! हाट् हाट्!"

एकोणचाळीस फोनांतून 'हाट्!' बैलांना काय कळणार कोण बोलतंय? जानरावकाकांची जोडी सुटली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे सगळ्याच. मानकरी हात वर करून तसाच, तोरण तसंच, आणि पोळा फुटलाही! घुंगरांचा नुसता गदारोळ. आणि त्यावर आईचा आवाज शांतपणे चालूच, "कुठं होती मी? हां. किती सापडले ते दाबा भाऊ. ... लय मजा येऊन राह्यली मले. झालं का? बंद कर ना मंग."

मी ओट्यावर पदराआड तोंड घेतलं. ड्रेसवर होते, तेव्हा पदर शेजारच्या सुभद्राबाईंचा होता.

तेवढ्यात फहीमचा फोन. पोळ्याच्या दिवशी तोच ऑफिस सांभाळत होता. तो ओरडला नाही, रागावला नाही. एकच विचारलं —

"काजल, तू कोनत्या ब्रँचवरून निघाली?"

आणि मला धाडकन सगळं कळलं.

दुरुस्ती कधीही हवेत लिहीत नाहीत. प्रोग्रॅमची एक प्रत घ्यायची, तिच्यात बदल करायचा. जिच्यापासून निघायचं ती ब्रँच. आमच्याकडे गावांत चालू असलेला प्रोग्रॅम एका ब्रँचवर आहे, आणि दिवाळीनंतरचं अर्धकच्चं काम दुसऱ्या ब्रँचवर. तिला आम्ही 'नवी' म्हणतो. मी महिनाभर 'नवी'वरच काम करतेय. सवयीनं तिथूनच निघाले. माझ्या तीन ओळींबरोबर 'नवी'मधलं सगळं गाठोडं गावांत गेलं — आई, बकरी, ज्वारी! मी माझी दुरुस्ती दहा वेळा तपासली, तीही आवाज बंद ठेवून. तिच्याबरोबर कोण कोण चाललंय, ते एकदाही पाहिलं नाही.

फहीमनं दहा मिनिटांत सगळं मागे घेतलं. जुना प्रोग्रॅम परत, पुण्याची बाई परत. आणि तिच्याबरोबर शून्याची चूकही परत.

घरी बैल आले. आई दारात आरतीचं ताट घेऊन उभी. तिला काहीच माहीत नव्हतं. मागून पोरांची झुंड, "कोकिळाकाकू, एकदा हाट् म्हना ना!"

बाबा बैलांचे पाय धुता धुता एवढे हसले की बसावं लागलं त्यांना. मला वाटलं, सुटले. पण जेवताना म्हणाले, "हसनं झालं. शून्याचं काय झालं?"

मी सांगितलं, ती चूकही परत आलीय.

"पुढच्या रविवारपर्यंत. त्याच्यापुढं नाही. लोकं विचारून राह्यले मले."

११ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसला गेले. सरांनी नेहमीसारखा चहा पुढे केला. ते जास्त लागलं. म्हणून खाली गफ्फारचाचांच्या दुकानात जाऊन बसले. चाचा एका जुन्या गादीची उसवण शिवत होते. त्यांना सगळी हकीकत आधीच माहीत — फहीम त्यांचा भाचा.

"तुले एक गोष्ट सांगतो," म्हणाले. "माह्या जावयाची. कामरानची. दुसरबीडचं एक गिऱ्हाईक आलं. एक जुनी गादी उसवली व्हती, ते शिवाची. अन् एक नवी भराची, ते लग्नाले. म्हने, घरी पाहुने हायेत, शिवलेली आजच पाह्यजे. मी बजारात. आमच्या जावयानं काय करावं? उसवलेल्या गादीले जसा टाका पाह्यजे, अगदी तसा सुंदर टाका मारला — नव्या गादीच्या खोळीले! अन् देली त्याले. अर्धीच भरलेली!"

"मग?"

"मंग काय. पाहुना रातभर जमिनीवर." टाका ओढत म्हणाले, "टाका चांगलाच व्हता, बेटा. पन आज मानूस कोन्या गादीवर झोपनार हाय, ते आधी इचाराव. तिलेच टाका माराव."

मी वर येऊन फहीमला म्हटलं, चल, आता चालूवरून निघते. बत्तीस गावांत जो प्रोग्रॅम आहे, त्याला आम्ही 'तीन' म्हणतो. तिसरी आवृत्ती. फहीम म्हणाला, "थांब. बत्तीस का त्रेचाळीस?"

अरे देवा. अकरा गावं अजून 'दोन'वर आहेत. तिथली नावनोंदणी जुन्या पद्धतीची, म्हणून ती 'तीन'वर आणलीच नाहीत. 'तीन'वरून निघाले तर ती अकरा गावं तशीच राहतील. तिकडच्या रिकाम्या सापळ्यांना आपण फवारे सांगतच राहू.

कान धरून लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणीही विसरणार नाही: ज्या सगळ्यात जुन्या, पण अजून कोणाच्या तरी वापरात असलेल्या आवृत्तीत चूक आहे, तिथून निघायचं. तिथून दुरुस्ती पुढे पुढे नेता येते — दोनमधून तीनमध्ये, तीनमधून नवीमध्ये. नवीतून मागे आणायला गेलं की बकरी येते.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज 'दोन' उघडलं. चूक तिथेही आहे. ठीक. इथून निघायचं.

पण माझा स्वभाव! म्हटलं, 'एक'मध्ये तरी काय होतं बघू. 'एक' आता कुठेच चालू नाही. उघडलं.

चूक नाही! पहिल्या आवृत्तीत शून्य म्हणजे शून्यच होतं.

म्हणजे आधी बरोबर होतं आणि मग कोणीतरी बिघडवलं. रागानं कान तापले. कोण हा शहाणा? इतिहास काढला. सप्टेंबर २०१७. त्या बदलाला एक टिपण जोडलेलं. ते जसंच्या तसं उतरवते:

'शून्य दाबणाऱ्या बारा शेतांत स्वतः जाऊन पाहिलं. दहा ठिकाणी सापळ्यात पतंग होते. शेतकऱ्यांनी सापळा पाहिलाच नव्हता. फोन लवकर सुटावा म्हणून शून्य दाबतात. म्हणून शून्य आलं तर उत्तर नाही असं समजून कालचा आकडा धरला आहे. — उत्तमराव.'

मी खुर्चीत मागे रेलले. ती चूक नव्हतीच. कोणीतरी उन्हात बारा शेतं तुडवून आणलेलं शहाणपण होतं. मी तीन ओळींत पुसायला निघाले होते ते!

१३ सप्टेंबर, गुरुवार

गणपती बसले. आईनं मोदकांच्या ऐवजी पुरणपोळ्या केल्या. पोळ्याला राहिलेलं पुरण, म्हणाली. गणपतीची तक्रार दिसली नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

सरांना टिपण दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मीच लिहिलं? ... हाव, मीच. त्या उन्हात चप्पल तुटली होती माझी." मग गंभीर झाले. "तुझ्या बाबांचं शून्य कशावरून खरं?"

मी भडकले. सरळ भडकले. म्हटलं, सर, बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझे बाबा रोज सकाळी सहाला सायकलवरून वावरात जातात. सापळ्याची पिशवी सोडतात, झटकतात, पुन्हा बांधतात. सगळं गाव बघतं. त्यांनी शून्य दाबलं म्हणजे सापळा रिकामाच होता. याच्यावर माझी नोकरी लावते!

"नोकरी राहू दे," सर म्हणाले. "पण मग दोन प्रकारची शून्यं झाली. खरं शून्य आणि कंटाळ्याचं शून्य. ती वेगळी कशी करायची ते सांग."

खालून गफ्फारचाचांच्या कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर. मग फहीम म्हणाला, "कंटाळ्याले दुसरं बटन दिलं तं?"

तेच! शून्याच्या शेजारी फोनवर चांदणी असते. सापळा पाहिला नसेल तर चांदणी दाबा. खोटं बोलायची गरजच ठेवायची नाही! चांदणी आली तर कालचा आकडा धरायचा, शून्य आलं तर शून्यच धरायचं. सरांचंही शहाणपण राहतं, बाबांचंही शून्य राहतं.

पण सर म्हणाले, "पुण्याच्या आवाजात 'कृपया तारांकित कळ दाबा' म्हटलं तर कोणी दाबणार नाही. लाजतील." आणि तिघंही एकाच वेळी एकमेकांकडे बघायला लागलो.

संध्याकाळी आईला बसवलं. या वेळी बकरी आधी बांधली. मी लिहून दिलं होतं, 'सापळा पाहिला नसेल तर चांदणी दाबा.' तिनं कागद बाजूला ठेवला. "असं कोनी बोलते का?" आणि एका दमात म्हणाली —

"रामराम भाऊ. सापळा रिकामा असन तं शून्य दाबा. गेलेच नसान, नाही तं गेले पन नीट दिसलं नसन, तं शून्याच्या बाजूची चांदनी दाबा. मी रागावनार नाही."

मी म्हटलं, मधलं ते लांबतंय, काढू का? "राहू दे, कोनाच्या तरी कामी येईन," म्हणाली.

राहू दिलं. आवाज एवढा गोड आलाय की मीच चार वेळा ऐकला.

१५ सप्टेंबर, शनिवार

'दोन'वरून निघाले. निघण्याआधी फहीमनं मुद्दाम विचारलं, "काजल, कोनत्या ब्रँचवरून?" दोनवरून! "आवाज येऊन नाही राह्यला." दोनवरून!! खालून चाचा ओरडले, "समजलं आमाले!"

दोनमध्ये दुरुस्ती केली. ती तीनमध्ये आणली. एका ठिकाणी अडकली, पण सुटली. तीनमधून नवीत. मग दोन तास फक्त एकच पाहिलं — माझ्या ओळींबरोबर दुसरं काय काय चाललंय. काही नाही. फक्त शून्य, चांदणी आणि आईचं एवढंसं बोलणं. बाकी पुण्याची बाई जिथल्या तिथं.

संध्याकाळी सहाला आधी आम्हा तिघांच्याच फोनवर. आईनं तिघांनाही रामराम केला. सरांनी चांदणी दाबली आणि म्हणाले, "खरंच रागावली नाही."

१६ सप्टेंबर, रविवार

सोडली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गावांत.

सुट्टी असून तिघंही ऑफिसात. चाचांनी वर भजी पाठवली. सहा वाजले. आकडे यायला लागले. एक चांदणी. पाच चांदण्या. चाळीस. फहीम मोजता मोजता टेबलावर हात आपटत हसायला लागला. शेवटी दोनशे बारा! अकराशे चाळीसपैकी दोनशे बारा माणसांनी एका संध्याकाळी कबूल केलं, नाही पाहिला बाप्पा सापळा. चांदणी नसती तर याच लोकांनी आम्हाला कितीतरी शून्यं दिली असती, आणि कोणती खरी कोणती खोटी ते आम्हाला कधीच कळलं नसतं.

सर खिडकीशी उभे होते. म्हणाले, "चपलेचे पैसे वसूल झाले."

आणि शून्यं किती? तीनशे सहा. खरी शून्यं! एकालाही फवारा सांगितला नाही.

घरी येऊन बाबांना म्हटलं, झालं बघा तुमचं काम, रविवारच्या आत! आता शून्य दाबलं की शून्यच. त्यांनी मान हलवली. "बरं झालं." एवढंच. मला वाटलं होतं पाठ थोपटतील. जाऊ दे, गटाचे सापळे राहिले, ते महत्त्वाचं. जानरावकाकांनीही आज दोन सापळे मागितले म्हणे!

१७ सप्टेंबर, सोमवार

फहीमनं गाववार यादी काढली. आमच्या गावात एकोणचाळीस फोन, सदतीस आकडे, दोन चांदण्या. "बाकी गावं पाह्य, अन् तुमचं पाह्य. पुंजाजीमामाचा गट लय कडक!" मी फुशारून यादी हातात घेतली.

पहिली चांदणी एका आजारी माणसाची.

दुसरी बाबांची.

मी नंबर तीनदा पाहिला. बाबांचाच. काल, सहा वाजून दोन मिनिटं. चांदणी.

ज्यांच्या शून्यासाठी मी सरांशी भांडले, नोकरी पणाला लावली, पोळा वेळेआधी फोडला! यादी घडी घालून पर्समध्ये कोंबली. बाबा जेवायला बसले तेव्हा मी उठून गेले. मग ती आधीची शून्यं? तीही कंटाळ्याचीच? आणि रोज सकाळची ती सायकल, ते काय नाटक? उद्या मागोमाग जाणार आहे. न सांगता. रंगेहाथ धरते.

१८ सप्टेंबर, मंगळवार

सायकल धुऱ्याला लावून बाबा सरळ सापळ्याकडेच गेले. पिशवी सोडली. डोळ्यांजवळ धरली. मग लांब धरली. मग उजेडाकडे करून पुन्हा जवळ. खूप वेळ.

माझी चाहूल लागली तेव्हा दचकले. मग पिशवी माझ्यापुढे केली. "पाह्य बरं, हायेत का याच्यात काही?"

अकरा होते. मी एकेक करून मोठ्यानं मोजले.

"बाबा, कधीपासून दिसत नाही?"

"उन्हाया गेला तवापासून," म्हणाले. "तुह्या मायले सांगू नको."